शब्दचर्चा: 'दाइहोन्एइ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या जपानवरचा एक मोठा लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. युद्धकाळात जपानी सैन्याचा कारभार जिथून चाले त्या यंत्रणेचं जपानी नाव दाइहोन्एइ. इंग्रजीत तिला 'इम्पीरियल जनरल हेडक्वार्टर्स' म्हणतात. मी आधी 'जपानी हायकमांड' लिहिलं होतं. मुद्रितशोधक बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहून पाठवलं, "हे वाचून दिल्ली डोळ्यांपुढे येते." त्यांचं बरोबर आहे. मराठी वर्तमानपत्रांनी हायकमांड म्हणजे तिकीटवाटप आणि पक्षश्रेष्ठी असं पक्कं करून टाकलंय.

मग 'सरसेनापती कार्यालय' करून बघितलं. कानाला छान वाटतं, पण पुढच्या चाळीस पानांत एक सरसेनापती काही सापडेना. लष्कराचा प्रमुख वेगळा, नौदलाचा वेगळा, लष्करमंत्री वेगळे, पंतप्रधान आणखी वेगळे आणि सगळ्यांच्या वर सम्राट. सध्या 'शाही मुख्यालय', 'सर्वोच्च सेनामुख्यालय' आणि 'महामुख्यालय' या तिघांत घुटमळतेय. आणखीही काही शब्द अडलेत, ते ओघात विचारीन.

जपानी शिकवणाऱ्या एका सरांचं उत्तर

आधी शब्द फोडून बघू या, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. दाइ म्हणजे मोठा. होन म्हणजे मूळ, मुख्य. आणि एइ म्हणजे छावणी, सैन्याचा तळ. म्हणजे शब्दशः 'मुख्य मोठी छावणी'. यात कचेरी कुठे नाही, 'सर्वोच्च' नाही आणि 'शाही'सुद्धा नाही. 'शाही' इंग्रजीनं चिकटवलंय. जपानी माणसाला ते सांगावं लागत नव्हतं, कारण ही छावणी सम्राटाचीच असणार हे उघड होतं. आपल्याकडे 'गोट' शब्द मुळात असाच होता. सरदाराच्या राहुट्या जिथे पडतात तो गोट. आज तो 'विरोधकांच्या गोटात खळबळ' एवढ्यापुरता उरलाय.

हे नाव पहिल्यांदा वापरलं गेलं तेव्हा ते अगदी खरं होतं. १८९३ साली नियम झाला आणि १८९४ मध्ये चीनशी युद्ध पेटण्याच्या तोंडावर पहिलं दाइहोन्एइ उभं राहिलं. त्याच सप्टेंबरात ते तोक्योहून हिरोशिमाला हलवलं. रेल्वे त्याच वर्षी हिरोशिमापर्यंत पोचली होती आणि शेजारी उजिना बंदरातून जहाजं सुटत होती. सम्राट मेइजी स्वतः तिथे जाऊन राहिले, किल्ल्याच्या आवारातल्या एका दुमजली लाकडी इमारतीत, एप्रिल १८९५ पर्यंत. ऑक्टोबरात संसदेचं अधिवेशनही तिथेच भरलं. तेव्हा छावणी म्हणजे खरोखरच छावणी होती. त्या इमारतीचा आज फक्त पाया शिल्लक आहे. हिरोशिमाच्या किल्ल्यात गेलात तर गवतातून वर आलेले ते दगड दिसतात. वरचं सगळं ६ ऑगस्ट १९४५ ला गेलं.

तुमचा लेख ज्या दाइहोन्एइबद्दल आहे ते तिसरं. दुसरं रशियाशी झालेल्या युद्धात, १९०४-०५ मध्ये. तिसरं २० नोव्हेंबर १९३७ ला उभं राहिलं आणि शरणागतीनंतर सप्टेंबर १९४५ मध्ये मोडलं. त्याच्या जन्मातच शब्दांची एक मोठी गोष्ट आहे. जुन्या नियमाच्या नावातच 'युद्धकालीन' होतं. दाइहोन्एइ फक्त युद्धातच उभारायचं. पण १९३७ साली चीनमध्ये जे चाललं होतं त्याला जपान सरकार युद्ध म्हणायला तयार नव्हतं. त्यांचा शब्द होता 'जिहेन', म्हणजे घडामोड, प्रसंग. शांघायमध्ये लाखो सैनिक लढत होते आणि कागदावर 'प्रसंग' चालू होता. मग जुना नियम रद्द करून नवा काढला: 'युद्धात किंवा जिहेनमध्ये'. त्या 'किंवा'मुळे तिसऱ्या दाइहोन्एइला दार उघडलं. तुमच्या लेखात 'चायना इन्सिडेंट' आलं असेल तर कृपा करून 'चीन घटना' असं सपाट करू नका. 'चीन प्रसंग' लिहा आणि पहिल्या ठिकाणी एका वाक्यात हे सांगा.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. 'सर्वोच्च सेनामुख्यालय' मला मुळीच मान्य नाही. या शब्दातून वाचकाला वाटेल की वर एक माणूस आहे, त्याच्या हाताखाली भूदल आणि नौदल आहे. तसं तिथे नव्हतं. दाइहोन्एइचे दोन भाग होते, भूदल विभाग आणि नौदल विभाग. भूदल विभाग म्हणजे जवळजवळ सान्बो होन्बु, भूदलाची युद्धयोजना आखणारी कचेरी; नौदल विभाग म्हणजे जवळजवळ गुन्रेइबु, नौदलाची तशीच कचेरी. दोन्ही कचेऱ्या आधीपासून होत्या, पहिली १८७८ पासून, दुसरी १८९३ पासून. युद्ध आलं की त्यांच्या दारावर आणखी एक पाटी लागे. दोघांचे प्रमुख बरोबरीचे. १८९३ च्या नियमात भूदलाच्या प्रमुखाला वरचा मान होता. नौदलाला ते कधीच पटलं नाही आणि १९०३ मध्ये बरोबरीची दुरुस्ती करून घेतली. पंतप्रधान तर या यंत्रणेचा सदस्यच नव्हता.

प्रश्नकर्ती

सर, फार आभार. पण मग एक शंका. त्या दोघांत मतभेद झाला तर निकाल कोण देई? लेखात सगळीकडे 'सुप्रीम कमांड' हा शब्द पेरलेला आहे. तो 'सर्वोच्च' नाही तर काय?

सरांचं उत्तर

तो शब्द 'तोसुइ'. पूर्ण रूप 'तोसुइकेन', केन म्हणजे अधिकार. १८८९ च्या राज्यघटनेचं ११वं कलम एका ओळीचं आहे: सम्राट भूदल आणि नौदल यांचं तोसुइ करतो. मी 'सेनाधिपत्य' सुचवीन. 'सर्वोच्च' हे विशेषण मुळात नाही आणि त्याची गरजही नाही. आधिपत्य एकाचंच असतं.

निकाल द्यायचा तो सम्राटानं. कागदावर. प्रत्यक्षात दोन्ही प्रमुखांनी एकमत करूनच वर जायचं अशी रीत होती, म्हणजे सम्राटापुढे निवाडा करायची वेळच येऊ नये. एकमत झालं नाही तर विषय रेंगाळे किंवा दोघांचं थोडं थोडं घालून ठराव बने. तुमच्या लेखात जिथे जिथे ठराव गुळमुळीत वाटतील तिथे भाषांतर घासून-पुसून नेमकं करू नका. मूळच गुळमुळीत आहे.

इथे आणखी दोन जुळे शब्द आहेत, ते लेखात येतीलच: 'होहित्सु' आणि 'होयोकु'. इंग्रजी दोन्हीला 'असिस्ट' म्हणून मोकळी होते. दोन्हींचा अर्थ सम्राटाला साहाय्य करणं हाच. पण होहित्सु मंत्री करतात आणि ५५व्या कलमात त्यापुढे लिहिलंय की त्याची जबाबदारी मंत्र्यांची. होयोकु सेनाप्रमुख करतात, आणि घटनेत त्यांच्या नावापुढे जबाबदारीची ओळ नाही. घटनेत ते प्रमुखच नाहीत! मला हा फरक सगळ्या यंत्रणेतला सर्वात महत्त्वाचा वाटतो. मराठीत मंत्र्यांसाठी 'सल्ला-साहाय्य' आणि प्रमुखांसाठी 'सेवा-साहाय्य' असं काहीतरी वेगळं ठेवा. शब्द तुम्ही घडवा, पण एकच वापरू नका.

आणि एक शब्द माझ्या फार आवडीचा: 'इआकु'. इ म्हणजे पडदा, आकु म्हणजे तंबू. रणावरच्या सेनानायकाची कनात. 'इआकु जोसो' म्हणजे कनातीतून थेट सम्राटाला निवेदन. पंतप्रधानाला न विचारता, मंत्रिमंडळाला वगळून सेनाप्रमुख सम्राटाकडे जाऊ शके, त्या हक्काचं हे नाव. इंग्रजीत 'डायरेक्ट ॲक्सेस' होतं आणि कनात उडून जाते. मराठीत कनात आहे, डेरा आहे, मग का उडवायची? 'कनातीतलं निवेदन' लिहा, पुढे खुलासा द्या.

एक निवृत्त सुभेदार

सरांनी भाषेचं सांगितलं, मी थोडं फौजेचं सांगतो. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नात 'लष्कर' आणि 'सैन्य' मिसळलंय. मराठीत लष्कर म्हणजे कधी फक्त आर्मी, कधी तिन्ही दलं. 'लष्करी राजवट' म्हटलं की त्यात नौदलही येतं. या लेखात तर भूदल-नौदल भांडण हाच विषय, तेव्हा आर्मीला सरसकट 'भूदल'च लिहा.

दुसरं, 'जनरल स्टाफ'. कृपा करून 'सर्वसाधारण कर्मचारी' लिहू नका, मी छापलेलं पाहिलंय. आमच्याकडे मुख्यालयात जी ब्रँच, ए ब्रँच, क्यू ब्रँच अशा शाखा असायच्या. जी म्हणजे जनरल स्टाफ. लढाईची आखणी, हेरगिरीची माहिती, प्रशिक्षण. जेवणखाण, दारूगोळा, पगार यांचा त्यात संबंध नाही.

तिसरं जास्त महत्त्वाचं. जपान्यांची 'आर्मी' आणि इंग्रजांची 'आर्मी' एक नाही. इंफाळवर आली ती जपान्यांची १५वी आर्मी, मुतागुची रेन्या याची. तिच्यात तीन डिव्हिजन: १५, ३१, ३३. समोर ब्रिटिश जनरल स्लिम साहेबांची १४वी आर्मी, तिच्यात कोअरच तीन, आणि एकेका कोअरमध्ये पुन्हा डिव्हिजन. म्हणजे जपानी आर्मी म्हणजे आपली कोअर. दोन्हीकडे 'सेना' लिहिलंत तर वाचकाला बरोबरीचा सामना वाटेल. माझ्या पलटणीत मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईची गोष्ट रंगरुटांना सांगायचे, म्हणून हे ठाऊक. मार्च १९४४ मध्ये ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण तिथे होती. उघड्या डोंगरमाथ्यावर, वर काटेरी तार नाही, पाण्याचे हाल, आणि खालून ३१व्या डिव्हिजनची माणसं चढत होती. त्या डोंगरावरच्या शिपायाला दाइहोन्एइ हा शब्द कुणी सांगितला नसेल. पण त्या वर्षीच्या जानेवारीत तोक्योतल्या त्याच कचेरीनं इंफाळच्या मोहिमेला मंजुरी दिली होती.

सरांचं उत्तर

सुभेदार साहेब, 'भूदल' पूर्ण मान्य. जपानी शब्दही तसाच आहे: 'रिकुगुन', रिकु म्हणजे जमीन. आणि 'काइगुन', काइ म्हणजे समुद्र. मराठी भूदल-नौदल ही जोडी इथे चपखल बसते.

सेनेच्या उतरंडीबद्दल तुमचंच पुढे नेतो. इंफाळच्या वेळी वरून खाली अशी साखळी होती: दाइहोन्एइचा भूदल विभाग, त्याखाली 'नान्पोगुन' म्हणजे दक्षिण फौज, प्रमुख तेराउचि हिसाइची; त्याखाली ब्रह्मदेशाचं 'होमेनगुन'; त्याखाली १५वं 'गुन'; त्याखाली 'शिदान', म्हणजे डिव्हिजन. होमेन म्हणजे दिशा, बाजू. माझी सूचना: सर्वांत वरच्याला 'महाफौज', होमेनगुनला 'प्रांतिक फौज', गुनला 'फौज' आणि शिदानला सरळ 'डिव्हिजन'. 'सेना' शब्दच टाळला की इंग्रजी आर्मीशी गोंधळ होत नाही. एक खड्डा मात्र सांभाळा: 'कान्तोगुन'. मांचुरियातली ती प्रसिद्ध फौज. तोक्योभोवतालच्या कान्तो प्रदेशाशी तिचा संबंध नाही आणि कॅन्टन शहराशी तर नाहीच. शानहाय खिंडीच्या पूर्वेची, म्हणून ते नाव.

'जनरल स्टाफ'साठी जपानी शब्द 'सान्बो': सान म्हणजे सहभागी होणं, बो म्हणजे डावपेच, मसलत. इथे आपला 'मसलत' शब्द फार जवळ येतो. जुन्या मराठी पत्रांत मसलत म्हणजे सल्ला, आणि मसलत म्हणजे मोहीमसुद्धा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. सान्बो होन्बुला 'मसलत-कचेरी' म्हणावंसं मला मनापासून वाटतं. लेखाचा सूर मराठमोळा होईल अशी भीती वाटत असेल तर 'भूदल युद्धयोजना कार्यालय' करा. पण 'भूदल' हवंच, कारण मूळ नावात ते नाही आणि इंग्रजी वाचून पुष्कळांना वाटतं ही दोन्ही दलांची मिळून कचेरी होती.

नौदलाच्या 'गुन्रेइबु'मध्ये आणखी एक भेद लपलाय. 'गुन्रेइ' म्हणजे युद्धाचे हुकूम: कोण कुठे जाऊन लढणार. त्याच्या समोर 'गुन्सेइ': भरती, पैसा, बांधणी, म्हणजे मंत्रालयाचं काम. प्रशियाकडून घेतलेली ही वाटणी. हुकूम प्रमुखांकडे, कारभार मंत्र्यांकडे. पण आरमार किती मोठं ठेवायचं हा हुकुमाचा प्रश्न की कारभाराचा? १९३० साली लंडनच्या नौदल कराराच्या वेळी यावरून आग लागली. पंतप्रधान हामागुची ओसाची यांच्या सरकारनं गुन्रेइबुचा विरोध असताना करारावर सही केली. लगेच शब्द आला 'तोसुइकेन कान्पान', सेनाधिपत्यावर अतिक्रमण. नोव्हेंबर १९३० मध्ये तोक्यो स्टेशनवर हामागुचींना गोळी घातली, पुढच्या ऑगस्टमध्ये ते त्याच जखमेनं गेले. 'अतिक्रमण' लिहा, 'हस्तक्षेप' नको. त्या काळी तो शब्द शिवीसारखा अंगावर फेकला जात होता.

प्रश्नकर्ती

सर, दोन्ही बाजूंना एकत्र बसवणारी काही तरी बैठक असेलच ना? लेखात 'लिएझॉन कॉन्फरन्स' आहे. मी 'समन्वय परिषद' लिहिलंय. आणि 'तैरिकुमेइ' नावाचे आदेश आहेत, तिथे शब्दकोशात 'खंड' असा अर्थ दिलाय. खंडाचा आदेश?

सरांचं उत्तर

'समन्वय' काढा. मूळ शब्द 'रेन्राकु'. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो येतो: 'रेन्राकु शिमास', म्हणजे कळवतो, संपर्क करतो. 'दाइहोन्एइ-सरकार संपर्क बैठक' हे नाव तिचं खरं रूप सांगतं. एका बाजूला पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, दोन्ही सेनामंत्री; दुसऱ्या बाजूला दोन्ही प्रमुख. समन्वय झाला असता तर चांगलंच होतं. नावानं फक्त संपर्काचं वचन दिलं होतं. महत्त्वाचं ठरलं की तेच सम्राटासमोर पुन्हा मांडत, ती 'गोझेन काइगि'. इथे 'दरबार' लिहू नका. 'सम्राटांसमोरची बैठक' इतकं साधं पुरे. १९४१ मध्ये अशा चार झाल्या: २ जुलै, ६ सप्टेंबर, ५ नोव्हेंबर, १ डिसेंबर. सम्राट सहसा बोलत नसत. ६ सप्टेंबरला मात्र त्यांनी खिशातून कागद काढून आजोबा मेइजींची शांततेबद्दलची एक कविता वाचली. खोलीत काही वेळ कुणी बोललं नाही. ठराव तसाच मंजूर झाला.

'तैरिकुमेइ'चा घोटाळा गमतीचा आहे. 'दाइहोन्एइ भूदल' याचं आद्याक्षरी रूप दाइ-रिकु, उच्चारी तैरिकु. आणि तैरिकु म्हणजे खंड हा शब्द नेमक्या त्याच अक्षरांनी लिहितात. नौदलाचं तसंच 'दाइकाइ', अक्षरं वाचली तर महासागर. एक खंडाचा आदेश, एक महासागराचा! मुद्दाम केलेलं नाही, पण एकाचं तोंड चीनकडे आणि दुसऱ्याचं पॅसिफिककडे, हे त्या अक्षरांत उमटून गेलंय.

'मेइ' आणि 'शि' वेगळे ठेवा. मेइ म्हणजे सम्राटाच्या मंजुरीनं निघालेला हुकूम. शि म्हणजे त्या हुकुमाखाली प्रमुखानं दिलेला तपशील. सरकारी नोकरी केलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल: शासन निर्णय एक, त्याखालचं परिपत्रक वेगळं. म्हणून 'आज्ञा' आणि 'सूचना'.

आणि सगळ्याचं टोक बघायचं असेल तर फेब्रुवारी १९४४ बघा. तोजो हिदेकी आधीच पंतप्रधान आणि भूदलमंत्री होते, त्यांनी भूदलाचं प्रमुखपदही घेतलं. इंग्रजी पुस्तकांत तिथे 'डिक्टेटर' येतं. पण त्याच दिवशी नौदलमंत्री शिमादा शिगेतारो यांनी नौदलाचं प्रमुखपद घेतलं, कारण नौदल तोजोंच्या हाताखाली नव्हतंच. तीन टोप्या घालूनही त्यांना एक विनाशिका इकडची तिकडे हलवता आली नसती. जुलैत तोजो पदांवरून गेले आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत शिमादाही. म्हणून 'हुकूमशहा' लिहिण्याआधी थांबा.

सुभेदार

सर, 'माघार'ला जपानी लोक काय म्हणायचे? आम्हाला सांगायचे की त्यांच्याकडे तो शब्दच नव्हता.

सरांचं उत्तर

शब्द होता, पत्रकात येत नसे. फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावरून माणसं काढून घेतली तेव्हा दाइहोन्एइनं लिहिलं 'तेन्शिन'. तेन म्हणजे वळणं, शिन म्हणजे पुढे जाणं. दिशा बदलून आगेकूच! ताई, अवतरणात हा शब्द असेल तिथे 'माघार' लिहिलंत तर तुम्ही खरं लिहाल, पण पत्रकानं काय केलं ते वाचकापासून लपेल. मे १९४३ मध्ये अत्तु बेटावरचे सुमारे २,६०० जण जवळजवळ सगळे मेले, तेव्हा शब्द आला 'ग्योकुसाइ', रत्नाचा चुरा. तिथे 'धारातीर्थी पडले' लिहायचा मोह होईल. मला तो मोह धोक्याचा वाटतो, कारण आपलाही शब्द तेच काम करतो: मरण सुंदर करतो आणि त्यांना तिथे कुणी ठेवलं हे विचारू देत नाही. 'रत्नासारखे फुटले' असं शब्दशः ठेवा आणि अवतरणचिन्हं काढू नका.

ही पत्रकं म्हणजे 'दाइहोन्एइ हाप्प्यो'. हाप्प्यो म्हणजे जाहीर निवेदन. पॅसिफिक युद्धातलं पहिलं ८ डिसेंबर १९४१ च्या सकाळी सहाचं: आज पहाटे पश्चिम पॅसिफिकमध्ये अमेरिका-ब्रिटनच्या सैन्याशी युद्धस्थिती सुरू झाली. तेव्हा ते खरं होतं. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली. पत्रकात एक बुडालं, एकाचं मोठं नुकसान. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानजवळच्या हवाई लढाईत शत्रूची ११ विमानवाहू जहाजं बुडवल्याचं जाहीर झालं. एकही बुडालं नव्हतं. यातलं मला सर्वांत भयंकर वाटतं ते पुढचं. नौदल विभागाला लवकरच शंका आली होती, पण ती त्यांनी भूदल विभागाला कळवली नाही. एकाच पाटीखालचे दोन विभाग! भूदलानं तो विजय खरा मानून निर्णायक लढाई फिलिपिन्समधल्या लुझोनऐवजी लेते बेटावर द्यायचं ठरवलं आणि फौजा तिकडे पाठवल्या. 'रेन्राकु' हा शब्द इथे पुन्हा वाचा.

आजच्या जपानीत 'दाइहोन्एइ हाप्प्यो' हा वाक्प्रचार आहे. कंपनीनं किंवा सरकारनं आपल्या सोयीचं, विश्वास ठेवू नये असं निवेदन काढलं की लोक तसं म्हणतात. संस्था जाऊन इतकी वर्षं झाली, नाव मात्र या एका अर्थानं घरोघरी राहिलं.

प्रश्नकर्ती

सर, सुभेदारकाका, मनापासून आभार. मी असं ठरवलंय: मूळ शब्द 'दाइहोन्एइ' तसाच ठेवते, पहिल्या ठिकाणी 'सम्राटांची युद्धछावणी' असा अर्थ देते, आणि 'मुख्यालय' फक्त इमारतीबद्दल बोलताना. भूदल, नौदल, फौज, आज्ञा, सूचना, संपर्क बैठक हे सगळं उचललं. सान्बो होन्बुला 'भूदलाची मसलत-कचेरी' करतेय, मुद्रितशोधक बाई काय म्हणतात बघू. पहिलं वाक्य आता असं झालंय, चूक असेल तर सांगा:

'१९३७ च्या नोव्हेंबरात तोक्योत दाइहोन्एइ, म्हणजे सम्राटांची युद्धछावणी, तिसऱ्यांदा उभी राहिली. तिला दोन दारं होती, एक भूदलाचं, एक नौदलाचं, आणि आतून एकातून दुसरीकडे जायला वाट नव्हती.'

सरांचं उत्तर

वाट होती, अरुंद होती. 'फारशी वाट नव्हती' करा. बाकी जाऊ द्या छापायला.